सतराव्या नळीचं नाव

बोस्टन, १ मार्च १९९९

लॉकी,

पाच वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी खुशाली विचारायला हवी. ती राहू दे. तू हे पत्र फाडायच्या आत निदान पहिलं पान वाचावंस म्हणून कामाचं आधी लिहिते.

तुमच्या समोरच्या पेगीचं कार्ड परवा आलं. तुझ्या मार्सेलाला मुलगी झाली, अकरा फेब्रुवारीला, आणि आपल्या आईचं नाव ठेवलंत, फ्लोरा. कार्ड वाचल्यापासून मी धड बसलेली नाही. प्रयोगशाळेत दोनदा चुकीची बाटली उचलली. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं.

फ्लोराचे डोळे बघ. आजच बघ. तिला कोठीत ने आणि दार लावून घे. बॅटरी तुझ्या गालाला चिकटवून धर आणि प्रकाश तिच्या बाहुल्यांवर पाड. दोन्ही बाहुल्या आतून तांबूस उजळायला हव्यात, फोटोत कधीकधी डोळे लाल येतात ना, तशा. एक जरी राखाडी किंवा मळकट दिसली तरी सरळ हॅलिफॅक्सच्या मोठ्या इस्पितळात जा. आपल्याकडच्या डॉक्टरच्या पुढल्या फेरीची वाट बघू नका.

जन्मल्या जन्मल्या दवाखान्यात बघितलं असेल, असं तू म्हणशील. बघतात. पण तेव्हा पापण्या सुजलेल्या असतात, नर्सला घाई असते, आणि काही वेळा मोतीबिंदू दाटायला दोन-तीन आठवडे लागतात. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू थांबतो रे. बाबांनी तीस वर्षं थांबवला. तान्ह्या बाळाचा थांबत नाही. डोळ्यातून स्वच्छ चित्र आलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडतो. सहा आठवडे, फार तर आठ. त्यानंतर डोळ्यातलं मळलेलं भिंग काढलं तरी डोळा उघडा राहतो आणि दिसत काही नाही. तुझ्या डाव्या डोळ्याबद्दल तुला मी काय सांगणार?

मार्सेलाची नजर घारीची आहे, तिला काही नाही, मग बाळाला कुठून येणार, असंही म्हणशील. तरी बघ. आपल्या घरात हे पणजोबांपासून आहे, एवढ्याचसाठी म्हणतेय. दुसरं काही नाही.

इफी


बोस्टन, ९ मार्च

लॉकी,

तुझं उत्तर नाही. मी सहा वेळा फोन केला. दर वेळी तूच उचललास, 'हं' म्हणालास, माझा आवाज ओळखलास आणि ठेवलास. सातव्यांदा मी आपल्याकडच्या दवाखान्यात फोन केला. तिथली बाई सभ्य होती. म्हणाली, बाळाच्या आईनं विचारलं तरच आम्ही काही बोलू शकतो, आईच्या आत्यानं विचारून नाही. मी तिच्याशी वाद घालत बसले नाही. मार्सेलाला वेगळं पत्र टाकलं असतं, पण पोस्टातून पत्रं तूच आणतोस. आज फ्लोराला सव्वीस दिवस झाले.

तू एकदा विचारलं होतंस, आठवतंय? शेवंडं पकडायचे पिंजरे दुरुस्त करत होतास आणि मी पायरीवर बसले होते. म्हणालास, 'इफे, तू तिकडे नेमकं करतेस काय? माणसांचे डोळे उकडतेस का?' मी तेव्हा रागावले. उत्तर दिलंच नाही. आता देते, कारण आता तुला ते लागणार आहे.

डोळ्यातलं भिंग जवळजवळ सगळं प्रथिनांचं असतं. अंड्याच्या पांढऱ्या भागातही प्रथिनंच असतात, आणि कच्चं असताना त्यातून आरपार दिसतं. भिंगातली प्रथिनं फार दाट असतात, पण नीट घड्या घालून एकमेकांशेजारी बसलेली, म्हणून उजेड अडत नाही. एखाद्या प्रथिनाची घडी उलगडली की ते शेजारच्याला चिकटतं. मग गुठळी होते, आणि गुठळीवर उजेड विखुरतो. तोच मोतीबिंदू. गंमत अशी की रक्त बदलतं, कातडी बदलते, पण भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आईच्या पोटात असताना बनतात आणि मरेपर्यंत तीच राहतात. नवी मिळत नाहीत. बाबांच्या भिंगाच्या मध्यात होतं ते त्यांच्या जन्माआधीचं होतं. त्यावर एकाहत्तर वर्षांचं ऊन आणि समुद्राची चमक पडली. एका जातीचं प्रथिन बाकीच्यांना सांभाळतं, घडी सुटलेल्याला धरून ठेवतं, गुठळी होऊ देत नाही. पण तेही मोजकंच असतं. ते संपलं की संपलं.

हे सगळ्यांचंच होतं, उतारवयात. आपल्या घराण्यात एका प्रथिनाच्या कृतीत, म्हणजे जनुकात, एक अक्षर चुकलंय, त्यामुळे त्याची घडी पहिल्यापासूनच कच्ची. मुलांपैकी निम्म्यांना ते मिळतं. तुला मिळालं, मला नाही. आपण एकाच आईबापाची. तू नऊ वर्षांचा असताना तुला हॅलिफॅक्सला शस्त्रक्रियेला नेलं, आणि मी खिडकीतून बोटी मोजत घरी राहिले. या कामात मी का पडले याचं दुसरं काही कारण मला कधी सापडलं नाही.

बाबांवरून तुला माझा जो राग आहे तो धरून ठेव. मी तो काढून घ्यायला लिहीत नाही. पण त्याचा भार या मुलीवर टाकू नकोस.

बघितलंस का डोळ्यात?

इफी


बोस्टन, १५ मार्च

लॉकी,

बत्तीस दिवस.

मागल्या दोन पत्रांत मी खोटं लिहिलं नाही, पण एक गोष्ट गाळली. दोन्ही वेळा ते ठाऊक असूनही मी पाकीट बंद केलं.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात मी घरी येऊन सगळ्यांचं रक्त घेतलं. तू, बाबा, चुलते, त्यांची मुलं. मार्सेला तेरा वर्षांची होती. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, 'आत्या, दुखलं तर आइस्क्रीम दोन.' नळ्यांवर नावं नव्हती, आकडे होते. नियमच तसा आहे. म्हणजे निकाल कुणाचा ते काम करणाऱ्याला कळत नाही, आणि कुणाला सांगायचाही नसतो. पण आकडे मीच चिकटवले होते. सतरा नंबरची नळी कुणाची, ते मला वही न बघता माहीत होतं.

ब्याण्णवच्या ईस्टरला निकाल आला. सतरा नंबरमध्ये ते चुकलेलं अक्षर आहे.

मार्सेलाला आहे, लॉकी. तिच्या भिंगात बारीक धुळीसारखे ठिपके असतील, तिला ते कधी जाणवलेही नसतील. तेच अक्षर एकाच्या डोळ्यात धूळ होतं आणि दुसऱ्याच्या डोळ्यात भिंत. का, ते मला अठरा वर्षं घासून कळलेलं नाही. म्हणजे फ्लोराचा प्रश्न 'घराण्यात आहे म्हणून' नाही. नाणं उडवून छाप की काटा, एवढी शक्यता आहे, आणि हे मला सात वर्षांपासून माहीत आहे.

मी का नाही सांगितलं? नियम होता. ते एक. दुसरं म्हणजे, त्या उन्हाळ्यात मार्सेलाची आई जाऊन वर्षच झालं होतं. तू नळी भरून झाल्यावर बाही खाली केलीस आणि म्हणालास, 'यातून काय निघेल ते मला सांगू नकोस. या घरात आणखी वाईट बातमी नको.' मी ते वाक्य जपून ठेवलं. मला ते फार सोयीचं होतं. सांगितलं असतं तर तू सगळ्यांना घेऊन अभ्यासातून बाहेर पडला असतास, आणि आपल्यासारखं घराणं मला दुसरं मिळणार नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. मनातही असं सरळ कधी म्हटलं नव्हतं.

आता बाबांचंही सांगते, म्हणजे काही उरणार नाही. त्यांना शवपेटीत ठेवलं होतं, शेजारीपाजारी चहा घेत होते, आणि तू त्यांच्या पापण्यांकडे बघून मला विचारलंस, 'डोळे असे आत का गेलेत?' मी म्हटलं, म्हातारपणी जातात. मग दीड वर्षानं माझा तो लेख तुझ्या हाती लागला, त्यात भिंगाचा फोटो होता आणि खाली 'मच्छीमार, वय एकाहत्तर'. तू फोनवर विचारलंस, त्यांनी परवानगी दिली होती का. मी म्हटलं, सही आहे. सही आहेच. त्यांना कागद दिसत नव्हता, मी वाचून दाखवला. 'मृत्यूनंतर डोळे काढून घेतले जातील' ही ओळ मी 'डोळे तपासले जातील' अशी वाचली. त्यांनी विचारलं, 'याचा लॉकीच्या पोरीला उपयोग होईल?' मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

आता तू माझा हवा तेवढा तिरस्कार कर. मात्र हे पत्र मार्सेलाला वाचायला दे. काही कळलं नाही तर शुक्रवारी मी गाडी घेऊन तिथे पोचते. दारात उभं करायचं नसेल तर नको करूस.

इफी


हॅलिफॅक्स, २१ मार्च

लॉकी,

तुझ्याच घरात काय झालं ते तुला पत्रानं कळवायची वेळ यावी! पण तू शेडमधून बाहेर आला नाहीस.

शुक्रवारी दुपारी मी पोचले तेव्हा शेडच्या धुराड्यातून धूर येत होता आणि आत हातोडीचा आवाज होता. गाडीचं दार वाजलं तसा तो थांबला. मी थोडी थांबले. मग तो पुन्हा सुरू झाला, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारानं आत गेले.

मार्सेला फ्लोराला अंघोळ घालत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तिला तू माझं एकही पत्र दिलेलं नाहीस. म्हणाली, नवरा अल्बर्टात तेलाच्या कामावर आहे, ईस्टरला येतो म्हणतो, तू हल्ली जेवायलाही शेडमधून येत नाहीस, पिंजऱ्यांचं काम फार आहे म्हणतोस. मग हसत म्हणाली, 'आत्या, ही माझ्याकडे बघतच नाही बघ. दिव्याकडे वळते, पण माझ्याकडे नाही. तुझ्यासारखी शिष्ट होणार.'

मी कोटसुद्धा काढला नव्हता. म्हटलं, दे जरा इकडे. तिला कोठीत नेलं, दार लावलं. उजव्या बाहुलीच्या कडेनं थोडा तांबूस उजेड होता, मध्ये राखाडी. डावी पूर्ण राखाडी. मी पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा, कशासाठी ते माहीत नाही. असा डोळा मी हजार वेळा चित्रात पाहिलाय, तो असा माझ्या हातावर उबदार, ओल्या केसांचा कधी नव्हता.

बाहेर येऊन मी मार्सेलाला सगळं सांगितलं. उभ्यानंच. सतरा नंबरसकट. तिनं मुलीला टॉवेलात गुंडाळलं, घट्ट धरलं आणि विचारलं, 'तुला हे कधीपासून माहीत आहे?'

'सात वर्षं.'

'माझं रक्त होतं ना ते?'

'तू तेरा वर्षांची होतीस.'

'अठराची झाले त्यालाही तीन वर्षं झाली, आत्या. बोस्टनचं पोस्ट बंद होतं का?'

मी नियमाचं काहीतरी बोलायला लागले. ती म्हणाली, 'मला आधी माहीत असतं, तर ती जन्मली त्या दिवशीच मी डॉक्टरच्या बोकांडी बसले असते. छत्तीस दिवस मी तिला माझ्याकडे बघ म्हणून खुळखुळा वाजवतेय.' आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिनं पिशवी भरली, तुला सांगायला शेडमध्ये गेली, पाच मिनिटांत परत आली. तू काय म्हणालास ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, 'तू चालव. बोलू नकोस.' साडेचार तास मी बोलले नाही. फ्लोरा रडली तेव्हा तिनं दोनदा गाडी थांबवायला लावली, तेवढंच.

इथल्या सर्जन बाईंनी काल बघितलं. बुधवारी डावा डोळा, पुढल्या बुधवारी उजवा. डाव्याला उशीर झालाय का, असं मार्सेलानं विचारलं. त्या म्हणाल्या, अगदी काठावर आहोत. मार्सेलाच्या डोळ्यांतही बघितलं. धूळ आहे, मी म्हटलं होतं तशी. पहिल्यांदाच माझं बरोबर आलेलं मला सोसवलं नाही.

तू ये, लॉकी. माझं तोंड बघायचं नसेल तर मी बाहेर जाईन. पण तिला कुणीतरी हवंय, आणि ते मी नाही.

इफी


हॅलिफॅक्स, ७ एप्रिल

लॉकी,

दोन्ही डोळे झाले. मार्सेलानं फोनवर तुला सांगितलं असेलच. तू आला नाहीस याबद्दल ती काही बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही. तुझं एकेक बोट सोलवटलं असेल इतके पिंजरे झाले असतील आता.

तान्ह्याचं भिंग मऊ असतं, बारीक नळीनं ओढून घेतात. पाऊण तास लागला. वाळूची पोती नाहीत, चौदा दिवस हलायचं नाही असलं काही नाही. तुझ्या वेळचं काहीही नाही, हे तुला मुद्दाम सांगतेय. तिसऱ्या दिवशी ती दूध पिऊन हातपाय झाडत होती. आता तिच्या डोळ्यांवर इवलीशी कॉन्टॅक्ट लेन्स बसवलीय, ती रोज काढायची आणि घालायची. डावा डोळा मागे आहे, म्हणून उजव्यावर रोज काही तास पट्टी लावून डाव्याला राबवायचं, आणि ते काही वर्षं चालायचं.

मार्सेला मला खोलीत येऊ देत नव्हती. बाटल्या धुवायची परवानगी होती, त्या मी धूत होते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या सकाळी सर्जन बाई कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, भिंगाचे जे तुकडे निघतील ते एरवी फेकून देतो, पण संशोधनाला दिलेत तर फार मोलाचे आहेत, अशा घराण्यातलं इतक्या लहान बाळाचं मिळत नाही. मी दारात बाटली घेऊन उभी होते. मार्सेलानं माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांना म्हणाली, 'जिचे आहेत तिला बोलता येत नाही अजून. तिला विचारता येत नाही तर घेऊ नका.' त्यांनी मान डोलावली आणि तो कागद बाजूला काढला. इतकं सोपं होतं ते.

अठरा वर्षं मला त्याच तुकड्यांची भूक होती. त्यात काय दिसलं असतं याची यादी मी पाठ म्हणू शकते. मी मोरीपाशी गेले आणि तीच बाटली पुन्हा धुतली.

सोमवारी मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या, नळीची आणि बाबांच्या कागदाची. चौकशी होईल. तोवर मला कामावरून दूर ठेवलंय, आणि बाबांच्या भिंगावरचा लेख मागे घ्यावा लागेल. तू बाकीच्या चुलतभावांना सांग की कुणाला आपला निकाल हवा असेल तर आता तो रीतसर मागता येईल. नको असेल तर तसंही कळवता येईल. ही सोय आधीपासून करता आली असती.

मी उद्या परत जाते. मार्सेलानं जा म्हटलंय. रागानं नाही, दमून.

इफी


ब्रॉड कोव्ह, २५ जुलै

इफी,

शेवंडांचा हंगाम संपला, आज पिंजरे वर काढून ठेवले. म्हणून लिहितो. तुझी पत्रं लांब असतात, माझं असणार नाही.

तुझं पहिलं पत्र सहा मार्चला आलं. मी ते त्याच दिवशी वाचलं. मार्सेला झोपली होती दुपारची, मी मुलीला उचललं, कोठीत नेलं आणि तू लिहिलंस तसं केलं. राखाडी दिसलं. माझा चष्मा जाड आहे पण ते मला दिसलं.

मी कुणाला सांगितलं नाही. तू येईपर्यंत तेरा दिवस. तुझ्यावरच्या रागानं केलं असं तुला वाटत असेल, आणि मलाही दोन-तीन दिवस तसंच वाटत होतं. पण तसं नव्हतं. मला नऊ वर्षांचा असताना डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूची पोती लावून पाडून ठेवलं होतं, डोळे बांधून, आणि आई दाराबाहेर होती हे मला तिच्या खोकल्यावरून कळत होतं, पण तिला आत सोडत नव्हते. त्या मुलीला मी तिथे पाठवणार होतो. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगू, आणि शेडमध्ये जायचो. चाळीस पिंजरे जास्तीचे झाले, या वर्षी समुद्रात टाकायला परवानाही नव्हता तेवढ्यांचा.

मार्सेलाला मी हे मे महिन्यात सांगितलं. ती माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. तुझ्याशी किती बोलली नाही ते मला माहीत नाही, पण डाव्या डोळ्याचे तेरा दिवस माझे आहेत. ते तुझ्या नावावर टाकू नकोस. तुझी सात वर्षं तुला पुरे आहेत.

बाबांचं मी विसरणार नाही. ते विसरायला सांगूही नकोस.

उजव्या डोळ्यानं ती सगळं बघते. मांजर, चमचा, माझी दाढी. डाव्यानं अजून फक्त हलणारं बघते. लेन्स मी घालतो. मार्सेलाचे हात थरथरतात, तिच्या नवऱ्याचे तर विचारूच नकोस, तो खोलीबाहेर पळतो. माझ्या बोटांना थंड पाण्यात बारीक गाठी मारायची सवय आहे. पहिल्या आठवड्यात ती ओरडायची. आता तोंड उघडं टाकून पडून राहते, आणि लेन्स बसली की थोडा वेळ गप्प होते, मग इकडेतिकडे बघायला लागते. तेव्हा मी कुठे असतो ते ती शोधते. मी मुद्दाम जागा बदलतो. तरी शोधते.

मार्सेलाला तुला काही विचारायचं आहे. तिनं वहीत प्रश्न काढलेत, दोन पानं झालीत. तिला आणखी मूल हवंय असं दिसतं. फोनवर नको म्हणते, समोर बसवून विचारीन म्हणते.

ऑगस्टमध्ये ये. तुझ्या खोलीत आता पाळणा आहे, तेव्हा बैठकीतल्या कोचावर झोपावं लागेल. तो आखूड आहे.

लॉकी